दुरितातून आलेले औषध

वाईटातून चांगले निष्पन्न झाले, तर त्या चांगल्याचा स्वीकार कोणत्या मनाने करावा, हा प्रश्न मानवाइतकाच जुना आहे. नीतिशास्त्राच्या वर्गात तो निव्वळ तात्त्विक वाटतो. परंतु रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या घरात हाच प्रश्न एका लहानशा कॅप्सूलचे रूप घेऊन येतो. ज्या औषधामुळे हजारो बालके खुरटलेल्या हातापायांनी जन्माला आली, तेच औषध आज आपल्या वडिलांचे आयुष्य वाढवीत आहे, हे एखाद्या मुलाला कळते. त्याबद्दल परमेश्वराचे आभार मानावेत की नाही, असा संभ्रम त्याच्या मनात उभा राहतो. या संभ्रमाला हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. तो सद्सद्विवेकबुद्धी जागी असल्याचे लक्षण आहे.

या औषधाचे नाव थॅलिडोमाइड. ज्या रोगावर ते दिले जाते त्याला ‘मल्टिपल मायलोमा’ म्हणतात. आपल्या हाडांच्या आतील मज्जेत रक्तपेशी तयार होतात. त्यांतील प्लाझ्मा पेशींचे काम जंतूंशी लढणारी द्रव्ये निर्माण करण्याचे. या रोगात त्याच पेशी बेसुमार वाढू लागतात, निकामी प्रथिने रक्तात ओततात, हाडे पोखरतात, मूत्रपिंडांना इजा करतात. पाठीचे असह्य दुखणे, क्षुल्लक कारणाने मोडणारे हाड, न हटणारा अशक्तपणा अशी त्याची चाहूल असते. रोग बहुधा उतारवयात होतो. आजही तो समूळ बरा होतो असे सहसा म्हणता येत नाही. परंतु त्याला वर्षानुवर्षे आवरून धरता येते. हे शक्य झाले त्यात थॅलिडोमाइडचा आणि त्यापासून पुढे घडविलेल्या औषधांचा वाटा मोठा आहे.

या कॅप्सूलमागचा इतिहास समजून घेतल्यावाचून नैतिक प्रश्नाला हात घालता येणार नाही.

१९५७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात पश्चिम जर्मनीतील ग्रुनेंथाल या कंपनीने ‘कॉन्टेरगान’ या नावाने हे औषध बाजारात आणले. ते झोपेचे औषध होते आणि पूर्णपणे निर्धोक असल्याची त्याची जाहिरात होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचूनही ते मिळे. गरोदर स्त्रियांना सकाळच्या मळमळीवर तेच दिले जाऊ लागले. पाहता पाहता ते चाळीसहून अधिक देशांत पोहोचले. दीर्घकाळ ते घेणाऱ्या काही प्रौढ रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, मज्जातंतूंना इजा झाल्याच्या तक्रारी कंपनीकडे येऊ लागल्या; पण विक्री चालूच राहिली. त्याच सुमारास जर्मनीतील प्रसूतिगृहांत पूर्वी क्वचितच दिसणारी एक विकृती वारंवार दिसू लागली. बालकांचे हात खांद्यापासूनच खुरटलेले, काहींचे पायही तसेच, काहींचे कान वा हृदय सदोष. जन्मास आलेल्या अशा बालकांची संख्या जगभरात दहा हजारांच्या वर गेली असावी, असा अंदाज केला जातो. त्यांतील अनेक जण बाल्यावस्थेतच दगावले. जन्मापूर्वीच गेलेल्यांची मोजदाद कोणी करू शकलेले नाही.

१९६१ च्या नोव्हेंबरमध्ये हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी या विकृतीचा संबंध थॅलिडोमाइडशी असल्याचे जाहीरपणे सांगितले. ऑस्ट्रेलियातील डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तसाच इशारा दिला. काही दिवसांतच जर्मनीत औषध मागे घेण्यात आले. अमेरिकेत मात्र ते कधी विक्रीस आलेच नव्हते. तेथील औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांच्यापुढे १९६० साली परवान्याचा अर्ज आला होता. सुरक्षिततेचे पुरावे अपुरे आहेत असे म्हणून त्यांनी तो अडवून धरला. कंपनीने वारंवार तगादा लावूनही त्या बधल्या नाहीत. एका अधिकारी स्त्रीने आपले नित्याचे काम चोखपणे केले, एवढेच वरकरणी घडले. त्यामुळे किती कुटुंबे वाचली, ते परमेश्वरच जाणे.

जर्मनीत कंपनीच्या अधिकाऱ्यांवर १९६८ साली खटला उभा राहिला. डिसेंबर १९७० मध्ये तो निकालावाचून बंद करण्यात आला. कंपनीने पीडितांसाठी दहा कोटी मार्क देण्याचे मान्य केले. कोणीही दोषी ठरले नाही. कंपनीच्या वतीने क्षमायाचनेचे शब्द उच्चारले गेले ते २०१२ साली, पन्नास वर्षांनंतर. अनेक पीडितांना ते अपुरे आणि फार उशिराचे वाटले. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी आपल्या संसदेत राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली ती २०२३ साली. तोपर्यंत ती बालके साठी ओलांडून गेली होती.

बंदी आलेल्या या औषधाचा दुसरा जन्म झाला तो जेरुसलेममध्ये, एका कुष्ठरुग्णालयात. १९६४ साली डॉ. जेकब शेस्किन यांच्याकडे एक कुष्ठरोगी होता. कुष्ठरोगात कधी कधी अंगभर वेदनामय गाठी उठतात, ताप भरतो, झोप उडते. त्या अवस्थेने हा रुग्ण हैराण झाला होता. झोपेची सारी औषधे निष्फळ ठरल्यावर शेस्किन यांनी निरुपायाने थॅलिडोमाइड दिले. रुग्णाला झोप लागलीच. शिवाय त्याच्या गाठी आणि वेदनाही झपाट्याने ओसरल्या. इतर रुग्णांतही हाच अनुभव आला. ज्याला जगाने बहिष्कृत केले होते त्या औषधाला पहिला आसरा मिळाला, तो जगाने बहिष्कृत केलेल्या माणसांमध्ये.

पुढचा टप्पा अधिक अंतर्मुख करणारा आहे. बोस्टन येथे डॉ. ज्यूडा फोकमन हे कर्करोगाच्या गाठींना रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास करीत होते. त्या वाहिन्या फुटू दिल्या नाहीत तर गाठ उपाशी राहील, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या प्रयोगशाळेतील तरुण संशोधक रॉबर्ट डामाटो यांनी उलट दिशेने विचार केला. गर्भाचे अवयव खुरटवणारे औषध कदाचित नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखत असेल, असा तर्क करून त्यांनी थॅलिडोमाइडची परीक्षा केली आणि १९९४ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. येथे थोडे थांबले पाहिजे. हा शोध त्या बालकांच्या दुर्दैवानंतर योगायोगाने लागला असे नाही. त्यांच्या खुरटलेल्या हातांतूनच संशोधकाला वाट दिसली. त्यांच्या देहावर जे लिहिले गेले होते, ते वाचूनच हे ज्ञान मिळाले.

१९९७ साली अमेरिकेत एक तरुण हृदयरोगतज्ज्ञ मायलोमाने मरणपंथाला लागला होता. त्याच्या पत्नीने हार मानली नाही. ज्याच्याकडे आशेचा किरण असेल अशा प्रत्येक संशोधकाला ती दूरध्वनी करीत राहिली. फोकमन यांनी तिला थॅलिडोमाइडचे नाव सुचवले आणि आर्कान्सा विद्यापीठातील डॉ. बार्ट बार्लोगी यांनी ते देऊन पाहिले. तिच्या पतीला गुण आला नाही. १९९८ साली तो देवाघरी गेला. परंतु त्याच रुग्णालयात, सर्व उपाय थकलेल्या दुसऱ्या एका रुग्णात आश्चर्यकारक सुधारणा दिसली. त्यावरून ८४ रुग्णांवर रीतसर चाचणी घेण्यात आली. या सर्वांवर आधीचे उपचार निष्फळ ठरले होते. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये सीमा सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : सुमारे एक तृतीयांश रुग्णांत रोग मागे हटला होता. कित्येक दशकांत या रोगावर खऱ्या अर्थाने नवे असे औषध मिळाले नव्हते. २००६ साली अमेरिकेत मायलोमावरील उपचार म्हणून त्याला रीतसर मान्यता मिळाली. त्याच कुळातील लेनालिडोमाइड आणि पोमालिडोमाइड ही औषधे त्यामागून आली.

औषध नेमके करते काय, हे कळायला आणखी काही वर्षे जावी लागली. २०१० साली जपानमधील संशोधकांनी दाखवले की थॅलिडोमाइड पेशीतील सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते. टाकाऊ प्रथिनांवर खूण करून त्यांना नष्ट होण्यासाठी पाठवणे हे सेरेब्लॉनचे काम. औषध चिकटले की ते भलत्याच प्रथिनांवर खूण करू लागते. मायलोमाच्या पेशी ज्या दोन प्रथिनांच्या आधारावर जगतात ती अशा रीतीने नाहीशी होतात आणि पेशी मरतात. गर्भात मात्र त्याच यंत्रणेने, हातपाय घडविण्यासाठी आवश्यक असलेले एक प्रथिन नष्ट होते, हे २०१८ साली उघड झाले. म्हणजे या औषधाचा तारक गुण एक आणि मारक गुण दुसरा, असे वेगळे काढता येत नाही. एकच किल्ली एकाच कुलपात फिरते; घर कोणाचे, यावर सारे अवलंबून.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या प्रश्नाची दोन उत्तरे चटकन सुचतात आणि दोन्ही अपुरी आहेत.

पहिले उत्तर म्हणते की असे औषध अपवित्र आहे, त्याला शिवूही नये. या उत्तरात पीडितांविषयीचा आदर आहे, तो मोलाचा आहे. परंतु आपली श्रद्धा सांगते की जे जे निर्माण झाले ते परमेश्वराने चांगले म्हणून पाहिले. पदार्थाला पाप लागत नाही. पाप लागते इच्छेला, निष्काळजीपणाला, लोभाला. पुरेशी परीक्षा न करता निर्धोकपणाची ग्वाही देणे, तक्रारी येऊनही विक्री चालू ठेवणे, यांत दोष होता. आज विवेकाने औषध देणारा डॉक्टर आणि ते घेणारा रुग्ण त्या दोषात सहभागी होत नाहीत. त्यांची इच्छा रोग बरा करण्याची आहे. अनिष्ट परिणाम टाळण्यासाठी ते काटेकोर दक्षता घेतात. आणि जो धोका पत्करायचा तो समोरच्या लाभाच्या प्रमाणात असतो. संत थॉमस अॅक्वायनस यांच्या विवेचनातून विकसित झालेले दुहेरी परिणामाचे तत्त्व याच दिशेने बोट दाखवते. तेव्हा रुग्णाने हे औषध शांत मनाने घ्यावे. कुणा वृद्धाने ते नाकारले तर त्या बालकांपैकी एकाचाही हात परत येणार नाही.

दुसरे उत्तर अधिक गोड आणि म्हणूनच अधिक धोक्याचे आहे. ते म्हणते : पाहा, अखेर सारे भल्यासाठीच झाले. ती बालके तशी जन्मली नसती तर हे औषध सापडले नसते. देवाची योजना अगाध आहे. आपल्या समाजात हे वाक्य सहज तोंडी येते. अंत्यविधीनंतर, अपघातानंतर, अकाली मृत्यूनंतर आपण ते दुःखी माणसाच्या पदरात टाकून मोकळे होतो. परंतु चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करावे, या विचाराचा संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात कडक शब्दांत धिक्कार केला आहे. चांगले निष्पन्न झाले म्हणून आधीचे वाईट क्षम्य ठरवणे, हे त्याच विचाराचे पाठमोरे रूप आहे. बर्लिनच्या वा लंडनच्या एखाद्या आईने आपले मूल हाती घेतले तेव्हा चाळीस वर्षांनंतरच्या मायलोमाच्या रुग्णांची गणिते तिच्यापुढे मांडण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. ते मूल कोणत्याही शोधाचे साधन म्हणून जन्मले नव्हते. प्रत्येक मनुष्य परमेश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे, याचा अर्थच हा की त्याच्या जीवनाचे मोल दुसऱ्या कोणाच्या उपयोगावर ठरत नाही.

येथे कोणी योसेफाची कथा पुढे करील. भावांनी त्याला खड्ड्यात टाकले, वीस रौप्यमुद्रांना विकले. आणि तोच पुढे मिसर देशात मोठ्या पदाला पोहोचून दुष्काळात त्यांचा त्राता झाला. उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायात तो भावांना सांगतो की तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून अनेकांचे प्राण वाचवण्याचे चांगले योजले. कथा खरीच बोलकी आहे. मात्र हे उद्गार कोण काढतो ते नीट पाहावे. ज्याला विकले होते तो योसेफ ते काढतो. विकणारे भाऊ नव्हे. भावांनीच योसेफापुढे येऊन, आम्ही विकले म्हणून तर तू या पदाला पोहोचलास, असे म्हटले असते तर ती कथा पवित्र शास्त्रात शोभली नसती. भाऊ भयभीत होऊन क्षमा मागतात. आणि योसेफ डोळ्यांत पाणी आणून तो अर्थ त्यांच्यापुढे ठेवतो. शिवाय तो त्यांच्या कृत्याला वाईटच म्हणतो. त्याला मुलामा देत नाही. वेदनेचा अर्थ सांगण्याचा पहिला अधिकार वेदना भोगणाऱ्याचा आहे. इतरांनी तोवर मौन पाळावे, सेवा करावी.

पास्काजागरणाच्या रात्री आपण आदामाच्या अपराधाला धन्य म्हणतो, कारण त्यामुळे असा थोर तारणारा आपल्याला लाभला. तेथे आपण स्वतःच्या पापाविषयी बोलत असतो, स्वतः क्षमा पावलेले म्हणून बोलत असतो. दुसऱ्याच्या जखमेविषयी तसे गाणे आपल्याला शोभणारे नाही. दुरिताला मुळीच वाव न देण्यापेक्षा दुरितातून चांगले निर्माण करणे सर्वसमर्थ परमेश्वराला अधिक इष्ट वाटले, असा विचार संत ऑगस्टीन यांनी मांडला. परंतु हे परमेश्वराचे कर्तृत्व आहे. माणसाला त्यावर आपली हिशेबवही मिटवता येत नाही. आणि परमेश्वराने ते कसे केले हे पाहायचे असेल, तर आपल्याला क्रुसाकडे पाहावे लागते. दुरितातून चांगले काढण्याची किंमत त्याने इतरांकडून वसूल केली नाही. ती स्वतःच्या पुत्राच्या देहावर घेतली.

पुनरुत्थित प्रभू शिष्यांपुढे उभा राहिला तेव्हा त्याच्या हातापायांवरील व कुशीतील जखमा तशाच होत्या. त्याने थोमाला त्या दाखवल्या. गौरवी देहावर जखमा कशासाठी, असा प्रश्न ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी पुष्कळ चिंतिला आहे. पास्काच्या मेणबत्तीत धुपाचे पाच कण खोवून दर वर्षी आपण त्याच जखमांचे स्मरण करतो. विजय झाला म्हणून व्रण पुसले गेले नाहीत. चांगल्याने वाईटाला जिंकले, तरी वाईट घडलेच नव्हते असे ते भासवत नाही. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तर येथे आहे : दुरितातून आलेले चांगले कृतज्ञतेने घ्यावे, पण जखम झाकून घेऊ नये. त्या कृतज्ञतेबरोबर ऋण येते.

हे ऋण कसे फेडायचे, याचा एक धडा खुद्द पीडितांनीच घालून दिला. कुष्ठरोगातील त्या वेदनामय गाठींसाठी थॅलिडोमाइडला अमेरिकेत परवाना देण्याचा विचार १९९७ साली सुरू झाला, तेव्हा कॅनडातील थॅलिडोमाइड पीडितांच्या संघटनेला चर्चेत बोलावले गेले. हे औषध जगात नसावे, हीच त्यांची मनोमन इच्छा होती. तरीही ज्यांना त्याची नितांत गरज आहे त्या रुग्णांच्या वेदना त्यांनी समजून घेतल्या. चोरट्या मार्गाने पसरण्यापेक्षा ते कडक देखरेखीखाली मिळावे, ही भूमिका त्यांनी घेतली. आणि त्याची जुनी ओळख पुसली जाऊ नये, असा आग्रह धरला. १९९८ साली परवाना मिळाला तो अभूतपूर्व अटींसह. डॉक्टर, औषधविक्रेता आणि रुग्ण या तिघांचीही नोंदणी, स्त्री रुग्णांची नियमित गर्भतपासणी, आणि गर्भधारणा होणार नाही याची पक्की खबरदारी. या खबरदारीत संपूर्ण संयमाचा मार्गही मान्य आहे, हे आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच अनोळखी रुग्णांसाठी दार किलकिले केले आणि उंबरठ्यावर पहाराही बसवला. योसेफाची आठवण मला येथे होते.

म्हणून ऋणाचा पहिला भाग स्मरणाचा आणि दक्षतेचा आहे. ब्राझीलमध्ये कुष्ठरोगासाठी हे औषध वापरात राहिले आणि जेथे देखरेख ढिली पडली तेथे १९६५ नंतरही तशी बालके जन्मली. स्मरण पुसट झाले की जखम पुन्हा होते. ज्या घरात हे औषध आहे त्या घराने ते कुलपात ठेवावे, दुसऱ्या कोणालाही देऊ नये, उरलेल्या कॅप्सूल इकडेतिकडे टाकू नयेत. हे नियम जाचक वाटले तरी ते कुणाच्या तरी मुलाच्या देहावर लिहिले गेलेले नियम आहेत.

ऋणाचा दुसरा भाग न्यायाचा आहे. समाजाच्या एवढ्या वेदनेतून लाभलेले ज्ञान कोणाच्या मालकीचे? थॅलिडोमाइडपासून घडविलेल्या लेनालिडोमाइडची एक कॅप्सूल अमेरिकेत २००५ साली २१५ डॉलरना मिळे. २०२० पर्यंत तिची किंमत ७१९ डॉलर झाली, असे तेथील लोकप्रतिनिधींच्या समितीने चौकशीअंती दाखवून दिले. संशोधनाला पैसा लागतो, श्रमाचे मोल मिळाले पाहिजे, हे ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवणही मान्य करते. परंतु सृष्टीतील संपत्ती सर्वांसाठी आहे, आणि खाजगी मालकीच्या हक्काला या तत्त्वाची मर्यादा आहे, हीदेखील त्याच शिकवणीची ग्वाही आहे. भारतात ही औषधे देशी कंपन्या त्याहून कितीतरी कमी दरात तयार करतात, ही समाधानाची गोष्ट होय. तरीही महिनोन्महिने चालणारा उपचार आणि त्याबरोबरच्या तपासण्या मध्यमवर्गीय कुटुंबालाही वाकवतात.

याउलट, जुन्या स्वस्त पदार्थाकडे निःस्वार्थ बुद्धीने पाहिले तर काय घडते, याचेही उदाहरण रक्ताच्या कर्करोगातच आहे. सोमल म्हणजे आर्सेनिक; विष म्हणून त्याची कुप्रसिद्धी पुरातन आहे. चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांनी १९७० च्या दशकात एका लोकवैद्याच्या उपायाची छाननी केली आणि रक्ताच्या कर्करोगाच्या एका अतिशय घातक प्रकारावर सोमलाचे इंजेक्शन गुणकारी ठरते हे दाखवले. हा प्रकार म्हणजे अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्यूकेमिया. पूर्वी या रोगाचे रुग्ण रक्तस्रावाने काही दिवसांत दगावत. आपल्या देशात वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने ही वाट पुढे नेली. महागडी केमोथेरपी ज्यांना परवडत नाही आणि झेपतही नाही अशा रुग्णांना डोळ्यांपुढे ठेवून तेथे केवळ सोमलाचा उपचार करून पाहण्यात आला. २००६ साली त्यांनी ७२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला; सुमारे ८६ टक्के रुग्णांच्या मज्जेतून रोगाच्या खुणा नाहीशा झाल्या होत्या. पुढे २०१३ साली युरोपातील मोठ्या चाचणीने सोमल आणि अ जीवनसत्त्वाचे एक रूप यांचा एकत्र उपचार नेहमीच्या केमोथेरपीयुक्त उपचाराच्या तोडीचा, किंबहुना सरस असल्याचे सिद्ध केले.

मग अशा जुन्या औषधांचा शोध अधिक जोमाने का घेतला जात नाही? कारण उघड आहे. ज्याचे पेटंट संपले त्यात नफा नाही. आणि नफा नाही तेथे चाचणीसाठी लागणारे कोट्यवधी रुपये घालणार कोण? जुने औषध हे पालक नसलेल्या मुलासारखे असते. त्याचे पालकत्व सरकारने, विद्यापीठांनी, धर्मादाय रुग्णालयांनी स्वीकारले पाहिजे. आपल्या समाजातील डॉक्टर आणि दानशूर कुटुंबांनीही याचा विचार करावा. नवी इमारत बांधण्याइतकेच हे पुण्यकर्म आहे, जरी त्यावर संगमरवरी पाटी लागत नसली.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. जुन्या औषधाचा नवा उपयोग असे शब्द ऐकले की काही जण भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशांवर विश्वास ठेवून जंतांच्या गोळ्या, क्वचित जनावरांसाठीची औषधेही कर्करोगावर घेऊ लागतात. चालू उपचार सोडून देतात. थॅलिडोमाइडचा इतिहास याच्या नेमका विरुद्ध धडा देतो. पहिल्या वेळी ते पुरेशा परीक्षेवाचून घराघरांत गेले आणि अनर्थ झाला. दुसऱ्या वेळी ते रीतसर चाचणीतून, नोंदी ठेवून, धोका उघडपणे सांगून दिले गेले आणि औषध झाले. पदार्थ तोच होता. बदलली ती माणसांची सत्यनिष्ठा. निराशेच्या क्षणी माणूस काडीचा आधार शोधतो, त्याला दोष देता येत नाही. पण त्याच्या हाती काडी देणाऱ्याने ती बुडवणार नाही ना, याची खात्री करून घेतली पाहिजे. जे काही घ्यावेसे वाटते ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, त्यांच्यापासून लपवू नये.

रुग्णांना तैलाभ्यंग देण्यासाठी घरोघरी जाताना धर्मगुरूला विचारला जाणारा प्रश्न बहुधा एकच असतो : फादर, देवाने हे का होऊ दिले? मायलोमाच्या रुग्णाचे हाड नुसते कूस बदलतानाही दुखते. त्याच्यापुढे दुरिताचे तत्त्वज्ञान मांडणे निर्दयपणाचे होईल. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली मानवी दुःखावर जे पत्र लिहिले, त्यात त्यांनी भल्या शोमरोनी माणसाकडे आपले लक्ष वेधले आहे. त्याने जखमी माणसाला दुःखाचे कारण सांगितले नाही. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्याला आपल्या जनावरावर बसवले, आणि उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी देऊन पुढच्या खर्चाचीही हमी दिली. करुणा आणि खर्चाची तजवीज, दोन्ही त्या दाखल्यात आहेत.

तेव्हा ज्या मुलाच्या मनात संभ्रम आहे त्याला सांगावेसे वाटते. बाबा, तुझ्या वडिलांना कॅप्सूल दे. देताना परमेश्वराचे आभार मान, त्यात संकोच करू नकोस. त्या आभाराबरोबर ज्यांची नावे तुला ठाऊक नाहीत त्या मुलांसाठीही प्रार्थना कर. त्यांतील अनेक जण आज वार्धक्यात आहेत. आयुष्यभर खांद्यांवर आणि पायांवर पडलेल्या ताणाने त्यांचे सांधे झिजले आहेत, आणि त्यांनाही आता औषधपाण्याची, मदतीच्या हाताची गरज आहे. त्यांच्या दुःखातून हे औषध आले म्हणून ते दुःख योग्य होते, असे मात्र कधी म्हणू नकोस. तो अर्थ लावायचाच असेल तर तो ते लावतील, आणि अखेर तो परमेश्वर लावील. आपल्या वाट्याला आलेले काम साधे आहे : मिळालेले दान सांभाळून वापरायचे, ते ज्याला परवडत नाही त्याच्यापर्यंत पोहोचवायचे, आणि ते कोणाच्या जखमेतून आले हे विसरायचे नाही.